ऐकणे आणि पाळणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेत चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला : ‘ख्रिस्ती जीवनात देवाच्या आज्ञापालनाचे महत्त्व’. विषय कळल्यावर आपल्यापैकी कित्येकींच्या मनात आले असेल, की यात नवे ते काय सांगायचे? देवाची आज्ञा पाळावी हे रविवारच्या शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. शिवाय, आज्ञा पाळण्याचे धडे बायकांना द्यायला हवेत असे थोडेच आहे! माहेरी वडिलांचे ऐकायचे, सासरी नवऱ्याचे आणि सासूबाईंचे ऐकायचे, उतारवयात मुलाचे आणि सुनेचे ऐकायचे, मंडळीत पाळकसाहेबांचे आणि पंचांचे ऐकायचे. आपला अर्धा जन्म ऐकण्यातच जातो. त्यात आणखी एक ऐकायला सांगायचे, तर ते ओझ्यावर ओझे.

पण माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. देवाचे ऐकणे हे या यादीतले शेवटचे कलम नाही. ते या सगळ्या ऐकण्यांच्या वर आहे आणि बाकीचे ऐकणे किती व कोठवर, हे त्यावरून ठरते. हे एकदा नीट उमगले म्हणजे आज्ञापालन हा शब्द जड वाटेनासा होतो. कसे, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगण्याचा प्रयत्न करते.

आधी शब्दाकडेच पाहू. आपल्या मराठीत ‘ऐकणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘मी कीर्तन ऐकले’ म्हणतो तेव्हा कानाने ऐकले एवढाच अर्थ. पण एखादी आई कपाळाला हात लावून म्हणते, ‘आमचा बाळ्या मुळीच ऐकत नाही हो’, तेव्हा बाळ्याचे कान दुखावले आहेत असे कोणी समजत नाही. सांगितलेले तो करीत नाही, असा त्याचा अर्थ. जुना करार ज्या भाषेत लिहिला गेला, त्या इब्री भाषेतही अगदी असेच आहे. ‘शमा’ या एकाच धातूने ऐकणे आणि मानणे या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. पवित्र शास्त्रात जेथे जेथे देव आपल्या लोकांना आज्ञा पाळायला सांगतो, तेथे पुष्कळ ठिकाणी तो मुळात ‘माझे ऐका’ एवढेच म्हणतो. हुकूम सोडणारा शिपाई आणि हाक मारणारी आई यांत जो फरक आहे, तो येथे आहे. ज्याचे आपण ऐकतो, त्याचा आवाज आपल्या ओळखीचा असावा लागतो.

या शब्दाची एक हकीकत आपल्याच कोकणात घडलेली आहे. अलिबाग, पेण या बाजूच्या खेड्यांत बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे राहत होते. मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या परंपरेत असे सांगतात, की मूळ देशापासून ताटातूट झाल्यावर त्यांच्याजवळ धर्मग्रंथ राहिले नव्हते, इब्री भाषाही विसरली होती. पण शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम तेवढे टिकले होते, आणि एक प्रार्थना तोंडात राहिली होती. त्या प्रार्थनेचा पहिला शब्द ‘शमा’, म्हणजे ‘ऐक’. ग्रंथ गेला, भाषा गेली, पण ‘ऐक’ हा शब्द आणि शनिवारचा बंद घाणा राहिला. ते लोक आपल्या ख्रिस्ती मंडळीतले नव्हेत, यहुदी धर्माचे आहेत. परंतु देवाचे ऐकणे म्हणजे काय हे त्यांच्याकडून आपण शिकावे. आठवड्यातून एक दिवस धंदा बुडवून त्यांनी ते ऐकणे पाळले. कानाने ऐकलेले हातापर्यंत पोहोचले, तेव्हा ते आज्ञापालन झाले.

आता याच्या उलट उदाहरण शास्त्रातच आहे. शौल राजाला देवाने एक काम सांगितले होते. अमालेकी लोकांशी लढाई झाल्यावर लुटीतले काहीही ठेवायचे नाही. शौलाने लढाई जिंकली, आणि चांगली चांगली मेंढरे व गुरे मागे ठेवून घेतली. शमुवेल संदेष्टा आला तेव्हा शौल मोठ्या उत्साहाने पुढे होऊन म्हणाला, की देवाची आज्ञा मी पाळली. तोच मागे मेंढरे बें बें करू लागली! शमुवेलाने विचारले, मग हा आवाज कसला? तेव्हा शौलाचे उत्तर तयार होते : ती देवाला यज्ञ करण्यासाठीच राखून ठेवली आहेत. शमुवेलाने त्याला जे सुनावले त्याचा सारांश असा, की देवाला यज्ञापेक्षा त्याचे ऐकलेले अधिक आवडते.

ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो आणि शौलाला नावे ठेवतो. पण आपल्या घरातही मेंढरे ओरडत असतातच. उपासनेला आपण वेळेवर हजर असतो, दशांश देतो, नाताळात गायनाच्या तालमीला रोज जातो, आणि त्याच बाकावर बसलेल्या जावेशी चार चार वर्षे बोलत नाही. येशूने तर स्पष्ट सांगितले आहे, की वेदीपाशी अर्पण घेऊन उभे असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जावे. म्हणजे उपासनासुद्धा मध्येच थांबवावी, पण ऐकलेले आधी करावे. देवाने जे मागितले नाही ते पुष्कळ देऊन, जे मागितले ते चुकवायचे, ही युक्ती फार जुनी आहे.

येथपर्यंत कोणाला शंका यायचे कारण नाही. अवघड प्रश्न पुढेच आहे. देवाचे ऐकावे हे खरे; पण देवाचे म्हणणे आपल्यापर्यंत पुष्कळदा माणसांच्या तोंडून येते. वडील सांगतात, नवरा सांगतो, पाळक सांगतात, आणि प्रत्येकजण म्हणतो, ‘ही देवाची इच्छा आहे.’ मग खरी हाक कोणती आणि तिच्या नावाने केलेला माणसाचा हुकूम कोणता, हे बाईमाणसाने ओळखायचे कसे?

निर्गम या पुस्तकाच्या आरंभीच दोन सुइणींची गोष्ट आहे. शिप्रा आणि पुवा ही त्यांची नावे. मिसर देशाच्या राजाने त्यांना हुकूम केला, की इब्री बायका बाळंत होतील तेव्हा मुलगा झाला तर त्याला मारून टाका. त्या देवाचे भय धरणाऱ्या होत्या. त्यांनी राजाचे ऐकले नाही; मुलगे जिवंत राहू दिले. त्या गोष्टीत मिसरच्या एवढ्या मोठ्या राजाचे नाव शास्त्राने दिलेले नाही. फारो म्हणजे राजा, एवढेच. पण दोन सुइणींची नावे मात्र जपून ठेवली आहेत. आपल्या विषयावर याहून मोठा धडा नाही. त्यांनी राजाची आज्ञा मोडली, आणि त्यामुळेच त्यांचे आज्ञापालन पुरे झाले.

आणि मरीयेची गोष्ट घ्या. तिच्या नम्रतेचे वर्णन आपण दरवर्षी नाताळात ऐकतो. पण एक गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते. देवदूताने निरोप सांगितल्यावर तिने आधी प्रश्न विचारला : हे कसे होईल? उत्तर मिळाल्यावर मग तिने होकार दिला. देवदूत तिच्यावर रागावला नाही. देवाला प्रश्नाचा राग येत नाही. विचारून, समजून दिलेला होकार तो स्वीकारतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला ‘उलट बोलते’ म्हणून गप्प बसवणारे आपण, देवापेक्षा जास्त कडक झालो आहोत.

आता आपल्याच मातीतले एक चरित्र जरा सविस्तर सांगते, कारण या प्रश्नाचे उत्तर मला त्यात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते. ते चरित्र पंडिता रमाबाईंचे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून पंडितांचा रोष ओढवून घेतला होता. त्या आईनेच पुढे रमेला शिकवले. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडत असे. दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थान फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथल्या विद्वानांनी तिची विद्या पाहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे दोन वर्षांत भाऊ वारला. लग्न झाले, एक मुलगी झाली, आणि १८८२ साली पतीही वारले. तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या, आणि १८८३ साली विलायतेला गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहून त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची हकीकत आपणांपैकी अनेकींना ठाऊक आहे. पुढची तितकी ठाऊक नाही. बाप्तिस्म्यानंतर त्यांच्यात आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात आज्ञापालनावरूनच मतभेद झाले. या सिस्टर त्यांच्या धर्माच्या गुरू. त्यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. दोघींचा पत्रव्यवहार पुढे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात लहानमोठ्या गोष्टी आहेत. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, आमची संस्कृत काय वाईट आहे? लॅटिन जशी आमच्या लोकांना परकी, तशी संस्कृत नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी मुलग्यांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातले बिशप नको म्हणाले. असे केले तर त्यांच्या देशात त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांचे मत. ज्या बाईने भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली होती, तिला हे ऐकून नवल वाटले. त्रैक्यासारख्या धर्ममतांवरही त्या प्रश्न विचारीत आणि आपणहून शास्त्रात शोध घेत. सिस्टरना यात गर्व आणि हट्ट दिसला. ख्रिस्ती बाईच्या अंगी आज्ञाधारकपणा हवा, असे त्यांचे सांगणे.

रमाबाईंनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा : देवाच्या वचनाचे मी सर्व मनाने ऐकीन, पण पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने नुकतेच मानेवरून उतरवले आहे. आता दुसऱ्या धर्मगुरूंच्या तोंडून येईल ते सारे परमेश्वराचीच आज्ञा म्हणून मानायचे, म्हणजे तसलेच दुसरे जू घेणे. देवाने मला बुद्धी आणि सदसद्विवेक दिला आहे; तो मला वापरला पाहिजे.

भगिनींनो, याच्यापुढचे चरित्र कोणी वाचले नाही, तर तिला वाटेल, की ही बाई कोणाचेच ऐकणारी नव्हती. ‘माझी बुद्धी’, ‘माझा विवेक’ असे म्हणून आपल्या मनास येईल ते करणारी माणसे आपण पाहतोच. सिस्टर जेराल्डिन यांची भीती अगदीच अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. माणसांचे जू झुगारून देणे सोपे नसले, तरी पुष्कळांना साधते. त्यानंतर देवाचे ऐकणे हे त्याहून अवघड. रमाबाईंनी ते करून दाखवले, म्हणून त्यांच्या नकाराला किंमत आहे.

१८८९ साली त्यांनी मुंबईला उच्च जातीतल्या विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्मा झाला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त भेटला नव्हता; तो बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला. त्यानंतर १८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. शारदा सदनाला अमेरिकेतून मदत येत असे, ती ठरलेल्या कामापुरती. नव्या माणसांसाठी हातात पैसा नव्हता. आपण असतो तर काय म्हटले असते? आमच्या संस्थेच्या घटनेत हे बसत नाही, पैसे जमले की बघू, सरकार आहेच. रमाबाईंना मात्र आपला वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या, आणि उपाशी, आजारी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. एकदोन नव्हेत, सुमारे तीनशे. त्यांत सगळ्या जातींच्या मुली होत्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेगाची साथ आली, आणि शहरात एवढी माणसे ठेवणे अशक्य झाले. दौंडच्या वाटेवर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तेथे त्या मुलींना नेले, झोपड्या उभ्या केल्या. तेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडच्याही मुली आणल्या, आणि मुक्तीतली माणसे दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना असे नाना उद्योग तेथे चालत. ज्यांना समाज दारात उभे करीत नसे, त्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि आंधळ्या मुली तेथे वाचायला शिकल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

आता दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. बिशपांचे ऐकायला तयार नसलेली हीच बाई, रस्त्यावर टाकलेल्या पोरीची हाक ऐकून हातात पैसा नसताना उठून गेली. बिशपांचे ऐकले असते तर मान मिळाला असता, आधार मिळाला असता. दुष्काळातल्या मुलींचे ऐकून काय मिळाले? खरूज भरलेली, उवा पडलेली, अन्नासाठी भांडणारी तीनशे पोरे! ज्या ऐकण्यात आपल्याला त्रास आणि दुसऱ्याला जीव मिळतो, ते बहुधा देवाचे ऐकणे असते.

त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकल्या. मराठीत पवित्र शास्त्र आधीपासून होते, पण खेड्यातल्या, थोडे शिकलेल्या बाईला ते कळावे, असा त्यांचा ध्यास होता. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंत मुक्तीतल्या बायकांनीच ते काम केले. नवा करार १९१३ साली निघाला. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीच्या हाती सारे सोपवायचे, तीच गेली. तरी रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, त्यापूर्वी भाषांतर पुरे झाले होते. समग्र शास्त्र १९२४ साली बाहेर पडले.

एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे मूळ मला वाँटेजच्या त्या पत्रांत दिसते. देवाचे ऐकायचे, तर ते प्रत्येक बाईला स्वतःच्या कानांनी ऐकता आले पाहिजे. मध्ये पुरोहित नको, आणि कळत नाही म्हणून दुसऱ्याच्या अर्थावर विसंबणे नको. स्वतःला जे स्वातंत्र्य हवे म्हणून त्या भांडल्या, ते केडगावच्या दुष्काळातल्या पोरीला मिळावे म्हणून त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घातली.

आता आपल्या घरी येऊ. कारण चरित्रे ऐकून घरी गेल्यावर भाकरी थापताना त्यांचा उपयोग झाला नाही, तर भाषण फुकट.

एखाद्या घरात नवरा दारू पिऊन बायकोला मारतो. ती माहेरी येते. चार वडीलधारी जमतात आणि म्हणतात, ‘सोसून घे बाई, पतीच्या अधीन राहावे अशी देवाची आज्ञा आहे.’ भगिनींनो, हे देवाचे सांगणे नव्हे. पौलाने पत्नींना अधीनतेचा उपदेश केला, त्याच ठिकाणी पतींना सांगितले आहे, की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे पत्नीवर प्रेम करा. अर्धे वाक्य एकीला आणि अर्धे कोणालाच नाही, असे शास्त्र वाचायचे नसते. अशा बाईला आसरा देणे, तिच्याबरोबर चौकीवर जाणे, २००५ सालच्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याची माहिती तिला करून देणे, हे आपल्या मंडळाचे देवाचे काम आहे.

दुसरे उदाहरण. वडील मृत्युपत्र न करता वारतात. भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवतात. ‘ख्रिस्ती माणसाने पैशाचा लोभ धरू नये’, असे वचनही ऐकवतात. वचन खरे आहे. पण ते वाचणाऱ्याच्या नावानेच आधी लिहिलेले आहे! आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ सालच्या वारसा कायद्याने अशा वेळी मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. बहिणीने आपखुशीने सोडला तर तो तिचा उदारपणा. देवाच्या नावाने सोडवून घेतला, तर ती शौलाची मेंढरे.

तिसरे उदाहरण आपल्या स्वतःवर येणारे आहे, म्हणून सांगायलाच हवे. आपणच सासूबाई होतो, आपणच मंडळाच्या चालक होतो, आपल्या हाताखाली धुणेभांडी करणारी बाई असते. तेथे आपले म्हणणे देवाचे म्हणणे म्हणून चालवायचा मोह आपल्यालाही होतो. सुनेने कोणते कपडे घालावेत, नोकरी करावी की नाही, मुलाने लग्न कोणत्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती घराण्यात करावे, याविषयी देवाने आपल्याजवळ निरोप ठेवलेला नसतो. प्रभूच्या मेजावर एकत्र बसायचे आणि सोयरिकीच्या वेळी बाप्तिस्म्याच्या आधीची जात विचारायची, हे अजूनही आपल्यात पूर्ण संपलेले नाही. ते आज्ञापालन नव्हे, आज्ञाभंग आहे.

मग ओळखायचे कसे? मला तीन खुणा उपयोगी पडतात. पहिली : सांगणाऱ्याने ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवले आहे? देवाच्या नावाने सांगणारा स्वतः मोकळा आणि ऐकणारी वाकलेली, असे असेल तर सावध राहावे. दुसरी : हे सांगणे येशूच्या तोंडी शोभेल काय? विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी जो बोलला, दगडमार होणाऱ्या बाईच्या बाजूने जो उभा राहिला, त्याच्या तोंडी हे वाक्य घालून पाहावे. शोभले नाही, तर ते त्याचे नव्हे. तिसरी : हे केल्याने जो दुबळा आहे त्याला बळ येते की आणखी दुबळेपण येते? या तिन्ही खुणा पटल्या आणि तरीही मन मागे ओढू लागले, तर मात्र पळवाट शोधू नये. तेव्हा उठावे आणि ते काम करावे.

कामही नेहमी मोठेच असते असे नाही. अरामी सेनापती नामान कोडाने पिडलेला होता. त्याच्या बायकोजवळ धरून आणलेली एक लहान इस्राएली मुलगी दासी होती. तिच्या सांगण्यावरून तो अलीशाकडे गेला. अलीशाने एवढेच सांगितले, की यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामानाला राग आला. काही अवघड सांगितले असते तर त्याने केले असते. पण एवढेसे कसे करायचे? आपलेही तसेच होते. दूरदेशी मिशनकार्याला जायला आपण तयार असतो. पण शेजारणीची उसनी घेतलेली वाटीभर साखर परत करणे, मोलकरणीचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला देणे, ऐकलेली निंदा पुढे न सांगणे, जावेला आपणहून ‘जेवलात का?’ म्हणून विचारणे, ही आपली यार्देन आहे. पाणी उथळ आहे, पण त्यात उतरायला मान खाली घालावी लागते.

येथे कोणी म्हणेल, की कितीही सांगा, देवाचे ऐकणे जड जाते. मनुष्यस्वभाव आहे. होय, जड जातेच. गेथशेमाने बागेत प्रभू येशूलाही ते जड गेले. हा प्याला टळावा अशी विनंती त्याने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केली. रडून, घाम गाळून केली. देवाच्या पुत्राने जे मागायला संकोच केला नाही, ते मागायला आपण का लाजावे? आज्ञापालन म्हणजे दुःख न होणे नव्हे. दुःख बापाला सांगून, मग त्याचा हात धरून उठणे, हे आज्ञापालन आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर म्हटले आहे, की येशू पुत्र असूनही दुःख सोसून आज्ञापालन शिकला. जे त्यालाही शिकावे लागले, ते आपल्याला एका दिवसात येणार नाही. म्हणून कोणी निराश होऊ नये.

आणि ज्यांनी एकदा ‘नाही’ म्हटले आहे त्यांच्यासाठीही येशूने एक गोष्ट सांगून ठेवली आहे. एका माणसाला दोन मुलगे होते. मळ्यात जाऊन काम कर, असे बापाने सांगितले. एक ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. दुसरा ‘जात नाही’ म्हणाला. पण मागून त्याला वाईट वाटले आणि तो गेला. बापाचे कोणी ऐकले, हे सांगायला नको. आपल्या उपासनेत ‘होय, प्रभू’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मळ्यात कोण दिसते, ते बाप पाहतो. आमच्या शेजारच्या भगिनींनो, तुम्ही आमच्या मंदिरात येत नाही. पण गल्लीत कोणी आजारी पडले की डबा घेऊन आमच्याआधी तुम्हीच धावता, हे आम्ही कैक वेळा पाहिले आहे. त्या गोष्टीतल्या दुसऱ्या मुलाची आम्हांला तेव्हा आठवण होते, आणि शरमही वाटते.

ऐकणे या शब्दाचा आणखी एक उपयोग आपल्या बोलण्यात आहे. आजारी मूल उठून बसले की आई म्हणते, ‘देवाने माझे ऐकले.’ म्हणजे ऐकणे हे एकतर्फी नाही. तो आपले ऐकतो, म्हणून आपण त्याचे ऐकायचे. ज्याने मिसर देशातल्या गुलामांचा आक्रोश ऐकला, हागारेच्या रानातल्या लेकराचे रडणे ऐकले, त्याचेच हे बोलावणे आहे. मालकाचे ऐकणे वेगळे आणि ज्याने आपले रडणे ऐकले त्याचे ऐकणे वेगळे. दुसऱ्यात गुलामी नाही.

फार वेळ घेतला. शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते, आणि थांबते. पहिली : आपल्यापैकी प्रत्येकीने रोज थोडा वेळ शास्त्र स्वतः वाचावे, आणि ज्या वडील भगिनींना वाचता येत नाही त्यांना मंडळाच्या तरुण मुलींनी आठवड्यातून एकदा घरी जाऊन वाचून दाखवावे. अर्थ सांगायची घाई करू नये. त्यांचा अर्थ त्यांना लागू द्यावा. दुसरी : ऐकलेली पण टाळलेली एक गोष्ट प्रत्येकीच्या मनात असतेच. ती कोणाला सांगायची नाही. पुढच्या वर्धापनदिनाच्या आत ती करून मोकळे व्हायचे. या मंडळातल्या प्रत्येकीने एक एक केली, तर या वस्तीत किती बंद दारे उघडतील याचा विचार करा.

ज्याने आपले ऐकले, त्याचे ऐकण्याची बुद्धी आणि ऐकलेले करण्याचे बळ तो आपणा सर्वांस देवो. आमेन.